कोणी दुःखी नसलेलं राज्य

एका राज्यात एक काळी शिळा होती, आणि तिथं माणसांपेक्षा त्या शिळेचं जास्त चालायचं. राज्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तिथले पंडित येतील, माझ्या ओटीवर ठाण मांडतील आणि असं राज्य नव्हतंच हे सिद्ध करून जातील. त्यांच्या नादी लागायची माझी इच्छा नाही.

तर ती शिळा. राजाच्या आज्याला ती धूम्रकेश नावाच्या मांत्रिकानं दिली होती. तिचा गुण असा, की तिच्यापुढे भर सभेत जे सिद्ध होईल, तसंच जग होऊन जाई. सिद्ध करायची रीत ठरलेली होती. पंडितानं उभं राहायचं, विधान मांडायचं, त्याचं कारण द्यायचं. मग घंगाळातल्या पाण्यावर घटिकापात्र सोडायचं. तांब्याची वाटीच ती, बुडाला बारीक भोक असलेली. पाणी भरत भरत ती बुडेपर्यंत कुणीही उठावं आणि विधान खोडावं. खोडलं, तर पंडित खाली बसला. वाटी बुडाली आणि कुणी बोललं नाही, तर विधान सिद्ध. मग नगारा वाजे आणि जग मुकाट्यानं त्या विधानाप्रमाणे बदले.

आज्याच्या काळी 'नदीपलीकडचा डोंगर आपल्याच हद्दीत आहे' हे सिद्ध झालं आणि सकाळी डोंगर नदीच्या अलीकडे उभा. बापाच्या काळी 'नगरात उंदीर नाहीत' हे सिद्ध झालं आणि एक उंदीर उरला नाही. ते गेले कुठं, हे कुणी विचारलं नाही. उंदरांची चौकशी कोण करतो?

नातू गादीवर आला, त्याचं नाव मणिध्वज. राजा तसा वाईट नव्हता, फक्त त्याला आपल्याबद्दल चांगलं ऐकायला फार आवडायचं. महालाच्या दाराशी एक घंटा टांगलेली होती. ज्याला दुःख आहे त्यानं ती वाजवावी आणि दाद मागावी, अशी थोरल्या राजानं घालून दिलेली पद्धत. मणिध्वज गादीवर आला त्याच पावसाळ्यात तिची दोरी कुजून तुटली. ती कुणी नवी बांधली नाही. घंटा दोन पुरुष उंचीवर, उडी मारून हात पोचायचा नाही. बारा वर्षं घंटा वाजली नाही.

बाराव्या वर्षाच्या उत्सवात राजा म्हणाला, "शास्त्रीबुवा, आज काहीतरी मोठं सिद्ध करा."

शास्त्रीबुवा म्हणजे अच्युतशास्त्री, त्या सभेतले पहिल्या मानाचे पंडित. ते कधी वाद हरले नव्हते. ते उठले, उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "राजा मणिध्वजाच्या राज्यात कोणी दुःखी नाही. कारण दुःखी माणूस घंटा वाजवतो. बारा वर्षांत घंटा वाजलेली नाही."

घटिकापात्र पाण्यावर सोडलं.

आता ऐका. या अच्युतशास्त्र्यांच्या स्वतःच्या घरी चार महिन्यांपूर्वी धाकटी मुलगी तापानं गेली होती. छबी तिचं नाव, सहा वर्षांची. त्यांची बायको यशोमती त्या दिवसापासून छबीचा परकर मांडीवर घेऊन बसलेली असायची. शास्त्रीबुवा उत्सवाला निघाले तेव्हाही ती तशीच बसली होती, आणि तिला वळसा घालून ते सभेला आले होते. सभेत दोनशे माणसं. सगळ्यांना हे ठाऊक. शिवाय त्या दोनशेत कुणाचा भाऊ गेलेला, कुणाचं शेत पुरात गेलेलं, कुणाला पोटाच्या दुखण्यानं रात्र रात्र झोप नाही. पण उठायचं म्हणजे म्हणायचं काय? महाराज, मी दुःखी आहे? उत्सवाच्या दिवशी, हातात पेढा असताना? प्रत्येकानं शेजाऱ्याकडे बघितलं. हा उठेल, असं प्रत्येकाला वाटलं. वाटी बुडाली. नगारा वाजला.

शिळेला दया नव्हती, तसा दुष्टपणाही नव्हता. विधान खरं करणं एवढंच तिला येत होतं. दुःखी माणसाला सुखी करायचं म्हणजे खटपट आली, वेळ आला. तो माणूसच नसला, तरी विधान तितकंच खरं होतं. शिळेनं सोपं ते केलं. नगाऱ्याचा आवाज विरायच्या आत राज्यातली सगळी दुःखी माणसं नाहीशी झाली. मग ज्यांना त्यांची आठवण होऊन गलबलून आलं, ती नाहीशी झाली. मग त्यांच्यासाठी रडणारी. दुपार उलटेपर्यंत निम्मं राज्य रिकामं झालं. उरलेल्यांना काय ते समजलं, आणि त्यांनी दात विचकून हसायला सुरुवात केली.

अच्युतशास्त्र्यांची थोरली मुलगी कुमुदा नदीपलीकडच्या राज्यात दिलेली होती. माहेरचा निरोप नाही, सणाचं बोलावणं नाही, असे दहा महिने गेले. मग ती स्वतःच निघाली. दोन राज्यांच्या मध्ये एक पडीक पट्टा होता. तो ना या राजाचा, ना त्या राजाचा. तिथं उघड्या मातीवर एक टिटवी बसलेली होती. कुमुदा शिवेचा दगड ओलांडणार, तेवढ्यात टिटवी माणसासारखी बोलली.

"बाई, पाऊल मागं घे. तुझी आई नाहीशी झाली आहे."

आणि टिटवीनं उत्सवापासूनचं सगळं सांगितलं.

कुमुदानं पाऊल मागं घेतलं. ती म्हणाली, "तू हे सगळं बघितलंस. तुला दुःख झालं नाही?"

"झालं की. राजाच्या घोड्यानं माझी अंडी तुडवली तेव्हाही झालं. पण पाखरांना प्रजेत कोण धरतंय? म्हणून मी आहे. तू मात्र असं तोंड घेऊन आत गेलीस, तर शिवेच्या आत दुसरं पाऊल पडणार नाही."

"मला माझी आई परत हवी आहे."

"मग ज्यानं शिळा दिली त्याच्याकडे चल."

धूम्रकेश मांत्रिक त्याच पट्ट्यात एका खोपटात राहत होता. दाढी राखेच्या रंगाची, डोळे तांबडे, तोंड कडू. कुमुदानं नमस्कार केला. त्यानं आशीर्वाद दिला नाही.

"तुम्ही शिळा का दिली?" कुमुदानं विचारलं.

"मागितली म्हणून. राजाचा आजा म्हणाला, आमची सभा फार खोटं बोलते, खरं बोलायला लावणारी वस्तू द्या. मी दिली. आधी जगाकडे बघायचं आणि मग शिळेपुढे बोलायचं, असं सांगून दिली. ते आधी बोलू लागले, आणि जगानं ऐकावं म्हणू लागले. तेव्हापासून मी इथं बसून आहे." तो थुंकला. "तीन कामं कर. केलीस तर शिळेचं मर्म सांगतो. पहिलं काम. सभेत काय सिद्ध झालं, ते शब्दाला शब्द घेऊन ये."

कुमुदा शिवेवर जाऊन उभी राहिली. नावाडी आला, त्याला विचारलं. तो म्हणाला, तिथं सगळे आनंदात आहेत असं सिद्ध झालंय. व्यापारी आला. तो म्हणाला, सगळे सदा हसत राहतील असं सिद्ध झालंय. कुमुदा तिथून हलली नाही. अमावास्येला राजाचा दवंडीवाला शिवेवर आला, डफ वाजवून ओरडला, "राजा मणिध्वजाच्या राज्यात कोणी दुःखी नाही." कुमुदानं ते तीनदा मनात म्हटलं आणि खोपटात येऊन सांगितलं.

"यात काय नाही?" धूम्रकेशानं विचारलं.

कुमुदानं विचार केला. "यात सुख कुठंच नाही. कोणी सुखी आहे, असं यात म्हटलेलंच नाही."

"बापापेक्षा बरी आहेस," मांत्रिक म्हणाला. "दुसरं काम. नाहीशी होताना तुझ्या आईच्या हातात जे होतं, ते घेऊन ये. आत जा आणि परत ये."

"मी दुःखी आहे. मी आत गेले की नाहीशी होईन."

"ते तुझं तू बघ."

बाहेर टिटवी वाट बघत होती. ती म्हणाली, "बाई, रागाचं काही सिद्ध झालेलं नाही. रागावून जा."

कुमुदा रागावून गेली. राग काही शोधावा लागला नाही. राजाचा राग होता, सभेचा राग होता, पेढे खात बसलेल्या दोनशे माणसांचा राग होता. तिनं दात आवळले, शीव ओलांडली आणि नगरात शिरली.

नगरात प्रत्येकाच्या गालात खडीसाखरेचा खडा होता. घराघरात नवे रिवाज पडले होते. जेवायला बसताना पाट किती मांडले ते बघायचं नाही. कुणाकडे गेलं तर घरात कोण कोण असतं ते विचारायचं नाही. रस्त्यात एक पोरगी धावताना पडली, गुडघा फुटला. तिचं तोंड वाकडं व्हायच्या आत तिची आई धावत आली आणि तिला गुदगुल्या करू लागली. पोरगी हसेपर्यंत गुदगुल्या, मग हळद. हळद लावतानाही ती बाई हसत होती.

कुमुदा आपल्या घरी पोचली. अच्युतशास्त्री ओटीवर बसले होते, अंगावर स्वच्छ धोतर, कपाळी गंध. हातात माळ होती आणि ओठ हलत होते.

"आलीस? ये, बस," ते म्हणाले. "प्रवास ठीक झाला?"

कुमुदा त्यांच्याकडे बघत राहिली. "बाबा, तुम्ही आहात."

"आहे की. न असायला काय झालं?"

"तुम्ही आहात, म्हणजे तुम्हाला आईचं दुःख झालेलं नाही."

शास्त्रीबुवांनी माळ खाली ठेवली. शिकवताना बोलायचे तसे शांतपणे ते बोलू लागले. "अनुमान बरोबर आहे. पण त्यामागचं कारण ऐक. शोक कशाचा होतो? जे होतं आणि आता नाही, त्याचा. शिळा ज्याला नाहीसं करते ते मुळापासूनच नसतं. म्हणजे यशोमती नव्हतीच. जी नव्हती तिचा शोक कसा होईल? मी हे रोज स्नान झाल्यावर एकशे आठ वेळा म्हणतो."

"आणि छबी? तिला शिळेनं नेलं नव्हतं."

"आई नव्हती, तर मूल कुठून असणार?"

"आणि मी, बाबा? मी कुणाची?"

शास्त्रीबुवांनी माळ पुन्हा उचलली. ओठ हलू लागले.

ती आत गेली. माजघरात जमिनीवर छबीचा परकर पडला होता, हिरव्या काठाचा, यशोमतीच्या मांडीवरून घसरून जिथं पडला तिथंच. भोवतीची जमीन पायांनी गुळगुळीत झालेली, परकरावर मात्र बोटभर धूळ. दहा महिने शास्त्रीबुवा त्याला वळसा घालून जात होते. कुमुदानं तो उचलला. काठाला छबीनं चिंचेचा डाग पाडलेला होता, तो तसाच होता. कुमुदानं त्या डागावरून बोट फिरवलं. तिनं खाली बघितलं तर तिच्या बोटांची टोकं दिसेनाशी झाली होती, आणि परकर हवेत धरल्यासारखा दिसत होता. ती तशीच वळली, ओटीवर आली आणि बापाच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत उभी राहिली. बघता बघता राग परत चढला, आणि बोटं परत आली. ती निघाली ती थेट शिवेवर.

धूम्रकेशानं परकर बघितला, पण हात लावला नाही. त्यानं एक वाळवलेला भोपळा तिच्यापुढे ठेवला, देठाशी बूच असलेला.

"तिसरं काम. ही जमीन कुणाच्याच राज्यात नाही. इथं बसून रड. आईसाठी, बहिणीसाठी, जेवढं आहे तेवढं सगळं. ते या भोपळ्यात उतरेल. पण नीट ऐक. एकदा उतरलं की ते तुझ्याकडे परत येणार नाही."

"परत आलं नाही तर काय होईल?"

"छबी आठवेल. आठवून काही होणार नाही."

कुमुदानं भोपळा हातात घेऊन बघितला. दुःख देऊन टाकायचं, याचंच तिला वाईट वाटत होतं. ते तिच्या बहिणीचं होतं आणि दुसऱ्या कुणी ते ठेवलं नव्हतं. मग तिनं परकर मांडीवर घेतला आणि ती तीन दिवस रडली. चौथ्या दिवशी सकाळी भोपळा भरला आणि तिचे डोळे कोरडे झाले. तिनं परकराकडे बघितलं. परकर होता, हिरव्या काठाचा. तिनं त्याची घडी घालून कमरेला खोचली.

"आता मर्म ऐक," धूम्रकेश म्हणाला. "आकाशात उगवलेलं कमळ सुगंधी आहे, असं कुणी म्हटलं तर ते खरं की खोटं?"

"आकाशात कमळ उगवत नाही. मग वास कशाचा घेऊन बघणार? खरंही म्हणता येत नाही, खोटंही म्हणता येत नाही."

"तसंच हे. राजा मणिध्वजाच्या राज्यात, अशी सुरुवात आहे. मणिध्वजच नसला तर त्याचं राज्य कुठलं? विधानाला पाय ठेवायला जागा उरत नाही. ते कोसळेल, आणि त्याच्या जोरावर जे जे नाहीसं झालं ते परत येईल. राजाला हे प्यायला दे."

"तो का पिईल?"

"खोटं बोलू नकोस. काय आहे ते सांग आणि दे. बाकीचं त्याची सभा करील."

कुमुदा निघाली. तिला आता राग येत नव्हता, भीतीही वाटत नव्हती. आपण कशासाठी चाललो आहोत, हे ती वाटेत दोनदा विसरली. टिटवी तिच्या खांद्यावर बसून सांगत राहिली, "सभेत जा, बाई. आईला आणायचं आहे." कुमुदा म्हणे, "हो, आईला आणायचं आहे," आणि पुढे चालू लागे.

सभा भरलेली होती. दोनशेतली ऐंशी माणसं उरली होती, आणि रिकाम्या बैठकांकडे कुणी बघत नव्हतं. मध्ये काळी शिळा, शेजारी घंगाळ. कुमुदानं राजाला प्रणाम केला.

"महाराज, आपल्या राज्यात नाही अशी वस्तू मी आणली आहे."

राजा मणिध्वज पुढे झुकला. "आमच्या राज्यात काय नाही?"

"दुःख, महाराज. या भोपळ्यात आहे. आपण प्यावं, म्हणून आणलं आहे."

सभेतली माणसं भराभर खडीसाखर चावू लागली. राजाला मात्र नवल वाटलं. अकरा महिने त्याला गोडाशिवाय कुणी काही दिलं नव्हतं, बातमीसुद्धा गोडच. त्यानं भोपळा हातात घेतला, हुंगला.

"शास्त्रीबुवा, हे पिण्यात काही धोका?"

अच्युतशास्त्री उठले. आपल्या मुलीकडे त्यांनी बघितलं नाही. उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "हे प्यायल्यानं महाराज दुःखी होणार नाहीत. कारण महाराज आपल्या राज्यात आहेत, आणि महाराजांच्या राज्यात कोणी दुःखी नाही, हे पूर्वीच सिद्ध झालेलं आहे."

घटिकापात्र पाण्यावर सोडलं.

ऐंशी माणसं वाटीकडे बघत होती. दुःखी झालेल्याचं काय होतं, हे त्या ऐंशीजणांना ठाऊक होतं. कुणाच्या डोळ्यांदेखत मुलगा गेला होता, कुणाचा बाप. एकजण उठून म्हणाला असता, महाराज, पिऊ नका, तर राजा वाचला असता. पण म्हणायचं, तर कारण द्यावं लागणार. कारण द्यायचं, तर गेलेल्याचं नाव घ्यावं लागणार. वाटीत पाणी भरत होतं. पाणी काठाला आलं तेव्हा अच्युतशास्त्र्यांचं तोंड उघडलं. आपल्या विधानात खोट कुठं आहे, ते त्यांना दिसलं होतं. इतका मोठा पंडित, त्याला न दिसायला काय झालं. पण ती खोट सांगायची म्हणजे यशोमती होती, असं म्हणावं लागणार होतं. त्यांनी तोंड मिटलं. वाटी बुडाली.

राजा भोपळ्यातलं सगळं प्यायला. त्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग लहान मुलासारखा वाकडा झाला. त्याच्या तोंडून हुंदका यायच्या आत सिंहासन रिकामं झालं. राजा दुःखी होणार नाही, हेही विधान शिळेनं तिच्या रीतीनं खरं केलं होतं.

आणि मग शिळा थांबली. मणिध्वजाचं राज्य शोधायला ती गेली, तर मणिध्वजच नव्हता. ज्याच्याबद्दल खरं राहायचं तेच कुठं सापडेना. शिळा उभी चिरली, तिचे दोन तुकडे दोन बाजूंना पडले.

त्याबरोबर माणसं परत आली. जिथं होती तिथंच आली. सभेतल्या बैठका भरल्या. कुणी आपल्या जागेवर बसलेल्याच्या मांडीवर आला. रस्ते भरले, विहिरींचे काठ भरले. अकरा महिन्यांपूर्वी ज्या दुःखात ती होती त्याच दुःखात परत आली, कारण मधे त्यांच्यासाठी एक पळही गेलं नव्हतं. ऐंशीजणांनी तोंडातली खडीसाखर थुंकली. आलेले उरलेल्यांकडे बघू लागले, आणि उरलेले जमिनीकडे.

सिंहासनावर राजाही परत आला होता, आणि हमसून हमसून रडत होता.

"शास्त्रीबुवा," तो म्हणाला, "माझ्या छातीत एक सहा वर्षांची मुलगी आहे आणि ती मेलेली आहे. ही छबी कोण?"

सभा ऐकत होती. अच्युतशास्त्री उठले. या वेळी त्यांनी उपरणं सारखं केलं नाही.

"माझी मुलगी, महाराज," ते अखेर म्हणाले.

राजा रडतच उठला. त्याच दिवशी त्यानं घंटेला नवी दोरी बांधली, स्वतःच्या हातानं, लहान पोराचा हात पोचेल इतकी लांब. घंटा त्या दिवशी थांबलीच नाही. शिळेचे तुकडे त्यानं धोब्यांना दिले. पुढे त्यानं पुष्कळ वर्षं राज्य केलं आणि बरं केलं. एका मुलीचं दुःख त्याला जन्मभर पुरलं. राज्याची घडी अशी बसली.

पण कुमुदा त्या सगळ्यासाठी गेली नव्हती, ती आईसाठी गेली होती. ती घरी धावली. मागोमाग अच्युतशास्त्री आले. माजघरात यशोमती बसलेली होती आणि जमीन चाचपडत होती.

"परकर होता आता हातात," ती म्हणाली. "कुठं पडला?"

कुमुदानं कमरेचा परकर काढून आईच्या हातात दिला. यशोमतीनं तो छातीशी धरला, मग वर बघितलं.

"कुमुदा? तू कधी आलीस? आणि घरात एवढी धूळ कशी?"

कुमुदानं सगळं सांगितलं. शिळा, वाटी, टिटवी, मांत्रिक. सांगताना तिचा आवाज कुठं हलला नाही. यशोमतीनं तिच्या गालाला हात लावला. गाल कोरडा होता.

"तुला रडू येत नाही, पोरी?"

"माझं रडू देऊन मी तुला आणलं, आई."

यशोमतीनं तिला जवळ ओढलं आणि तिच्या वाटचंही रडली. मग पदरानं डोळे पुसून तिनं दाराकडे बघितलं. अच्युतशास्त्री उंबऱ्यात उभे होते.

"अकरा महिने," यशोमती म्हणाली. "आणि तुम्ही इथंच होता."

शास्त्रीबुवा म्हणाले, "ऐक. मी शोक केला असता तर मीही नाहीसा झालो असतो. मी नाहीसा झालो असतो तर या घराला कुलूप लागलं असतं, आणि कुमुदा आली तेव्हा तिला इथं परकर सापडला नसता. परकर सापडला नसता तर तू आज परत आली नसतीस. म्हणून मी शोक केला नाही, हे तुझ्याच भल्याचं ठरलं."

यशोमतीनं ते सगळं नीट ऐकून घेतलं. तीस वर्षं ती त्यांचं बोलणं असंच ऐकत आली होती. तिनं मनातल्या मनात ते उलटसुलट करून बघितलं.

"तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "मला यात खोडण्यासारखं काही सापडत नाही."

मग तिनं एका लुगड्यात परकर आणि दोन वस्त्रं बांधली, कुमुदाचा हात धरला आणि त्यांच्या बाजूनं वाट काढत ती बाहेर पडली. दोघी नदीच्या रस्त्याला लागल्या. यशोमतीनं वळून बघितलं नाही.

अच्युतशास्त्री ओटीवर आले. त्यांनी माळ घेतली, ओठ हलवायला सुरुवात केली. पहिल्याच वाक्याला त्यांना रडू कोसळलं. त्यांनी घाबरून आपल्या हातांकडे बघितलं, बोटांच्या टोकांकडे बघितलं. बोटं होती. ते आणखी रडले, दोघी वळणाआड दिसेनाशा होईपर्यंत रडले, आणि बोटं होतीच, हात होतेच, ओटी होती आणि ओटीवर ते होते.